एप्रिलच्या उन्हात लहान मुलांना घेऊन इमॅजिका थीम पार्क : काय न्यावं, कसं फिरावं?

कर्वेनगरी
मुलगी पावणेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा, सोबत सासूसासरे. घरची गाडी, पुण्यात कर्वेनगरहून सकाळी निघणार, एप्रिलचा शेवटचा आठवडा. तिकिटं काढून झाली आहेत आणि नातेवाईक मुंबईहून येताहेत, त्यामुळे तारीख हलणार नाही. "जाऊ नका" सोडून काहीही सांगा. पाणी किती लागेल, बाबागाडी न्यावी की नको, दुपारी काय करायचं, आणि कुठली लक्षणं दिसली की सरळ गाडीकडे वळायचं?

खडूस_पेठकर
"जाऊ नका" सोडून म्हणजे मुद्द्याचं सोडून. बरं. निदान 1 मे आणि शनिवार-रविवार तरी टाळलाय ना? शाळांना सुट्ट्या लागल्यावर खरा त्रास रांगेचा असतो. राइड दोन-चार मिनिटांत संपते, तिच्यासाठी उभं मात्र पाऊण तास राहायचं.

कर्वेनगरी
मंगळवार आहे.

घाटमाथा
मंगळवार उत्तम. आता पहिली गोष्ट, जिथे बहुतेक पुणेकर फसतात. फोनवर पुणे 39 आणि खोपोली 37 दिसतं, आणि वाटतं की चला, दोन अंश कमीच आहे. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे. घाट उतरलात की कोकण सुरू. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतही नाही, येतो आणि उडून जातो. खाली तोच घाम अंगावर बसून राहतो. घाम येऊन उपयोग नसतो, तो वाळला तरच अंग थंड होतं.

हवामान खातंही हा फरक धरतं. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान 40 अंश लागतात, किनारपट्टीला 37 पुरतात (शिवाय सरासरीपेक्षा वाढ किती, तेही बघतात). खारघरच्या मैदानात 16 एप्रिल 2023 ला उष्माघाताने 14 माणसं गेली, तेव्हा पारा 38 च्या आसपासच होता. तोही रायगड जिल्हाच. त्यामुळे नुसता पारा बघू नका. अ‍ॅपमध्ये आर्द्रता आणि "फील्स लाइक" हे दोन आकडे बघा, आणि तेही खोपोलीचे, पुण्याचे नाहीत.

बाळगुटी
घाटमाथांना अनुमोदन. त्यात मुलांचं शरीर आणखी वेगळं. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की ती मोठ्यांपेक्षा भराभर तापतात. घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळात रमलेलं मूल तहान लागली म्हणून सांगत नाही. पावणेचार वर्षांची मुलगी "पाणी नको" म्हणाली तर त्याचा अर्थ "मला आत्ता थांबायचं नाही" एवढाच घ्यायचा.

पाण्याचा हिशोब. नेहमीच्या दिवशी 10 किलोच्या बाळाला दूध, पाणी, पेज सगळं धरून लिटरभर द्रव लागतं, 15 किलोच्या मुलाला सव्वा लिटर. अशा दिवशी त्यावर निदान अर्धा लिटर जास्त धरा. एकदम बाटली तोंडाला लावून प्यायला दिलं तर घाटात किंवा पहिल्या गोल फिरणाऱ्या राइडवर उलटी ठरलेली. दर वीस मिनिटांनी पाच-सहा घोट, म्हणजे 60 ते 75 मिली. खुणा असलेला सिपर घ्या, नाहीतर "बरंच प्यायली की" हे फक्त मोठ्यांच्या मनात असतं. फोनवर वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि तो आजोबांकडे सोपवायचा. आजोबांना काम मिळतं आणि तेही सोबत पाणी पितात. त्यांनाही तेवढीच गरज आहे.

चौदा महिन्यांच्या बाळाला अजून अंगावर पाजत असाल तर त्या दिवशी मागेल तेव्हा पाजा, वर पाणी द्या. (वाचणाऱ्या इतरांसाठी : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही. फक्त दूध, जास्त वेळा. आणि इतक्या लहान बाळाला अशा दिवशी तिथे नेऊच नये.)

चिंचेचा_कोळ
ओआरएस (जलसंजीवनी) न्यायचं का? आमच्याकडे तयार टेट्रापॅकवाले आणतात, मुलांना तेच आवडतं.

बाळगुटी
आवडतं, कारण त्यात साखर भरपूर असते. डब्यावर नाव काय आहे यापेक्षा मागचा मजकूर वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट, एकूण 20.5 ग्रॅम. बाजारातल्या गोड पेयांत साखर याच्या कितीतरी पट असायची. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी केली. औषधाच्या दुकानातून पावडरचं पाकीट घ्या.

गडबड होते ती कालवताना. मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि हातात बाटली असते अर्ध्या लिटरची. अख्खं पाकीट तिच्यात ओतलं की मिठाचं प्रमाण दुप्पट होतं, आणि लहान मुलाला ते बाधतं. अर्धं पाकीट अंदाजाने ओतणंही नको, कारण मीठ आणि ग्लुकोज सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. 200 मिलीची छोटी पाकिटं मिळतात, सहलीला तीच बरी. कालवलेलं चोवीस तासांत संपवा किंवा ओतून द्या.

पण हे दिवसभराचं सरबत नव्हे. मूल घामाघूम होऊन मलूल झालं, उलटी झाली, जुलाब झाले, तर ओआरएस. एरवी पाणी, पातळ मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत. शहाळं चालतं, पण त्यात मीठ फार कमी असतं, तेव्हा त्याला ओआरएसच्या जागी धरू नका.

सहल_मंत्री
दिवसाची आखणी मी लिहितो. पुण्याच्या रेखांशामुळे सूर्य बारा वाजता नाही, साधारण 12:35 ला माथ्यावर येतो. हवा सगळ्यात गरम होते त्यानंतर, अडीच ते साडेतीनच्या सुमारास. म्हणजे बारा ते चार हा पट्टा उघड्यावरून काढून टाकायचा. एप्रिलअखेर ते मेमध्यापर्यंत दुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की भिंतीची, पाटीची सावली तिच्या पायाशीच राहते. त्या वेळी "सावलीत उभे राहू" म्हणून भिंतीला टेकण्याला अर्थ नाही, वर छप्परच हवं.

पार्क उशिरा सकाळी उघडतो, तेव्हाच ऊन चढलेलं असतं. तेव्हा उघडण्याआधी दारात असा. आत गेल्या गेल्या सगळे जण मोठ्या कोस्टरकडे धावतात, तुम्ही उलट छोट्यांच्या भागाकडे जा. कॅरोसेल, चहाच्या कपांची राइड अशा उघड्या गोष्टी पहिल्या तास-सव्वा तासात उरकायच्या. बारा वाजले की बंदिस्त, एसीच्या जागा : आय फॉर इंडिया, अलीबाबा, डिटेक्टिव्ह बो वाऊचा शो. सलीमगढ आणि राजासॉरस ह्या वयाला नकोच, अंधार आणि आवाजाने पोरं दिवसभर कडेवरून उतरत नाहीत. बऱ्याच राइडना उंचीची अट असते. घरी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या, म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन परत फिरावं लागत नाही. उन्हातली रांग लांब असेल तर एकाने रांगेत राहायचं आणि बाकीच्यांनी सावलीत बसायचं. शेवटचा वळसा उरला की फोन. मात्र मधूनच आत घेतील का, हे आधी तिथल्या माणसाला विचारून घ्या, नाहीतर मागचे भांडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

जेवण साडेबाराला. दीड वाजता जेवायला गेलात तर बसायला खुर्ची मिळत नाही आणि एसीतली जागा हीच खरी कमाई आहे. जेवून तिथेच धाकट्याला झोपवा. चार-सव्वाचारला परत बाहेर.

दुपारची_झोप
झोपेला प्लस वन. चौदा महिन्यांचं बाळ नेहमीच्या वेळेला झोपलं नाही तर चारनंतर ते रडतंय ते उन्हाने, भुकेने की झोपेने हे ओळखताच येत नाही, आणि उष्णतेचा त्रास ओळखण्यासाठी तेच तर कळायला हवं. पातळ दुपटं, नेहमीचं खेळणं, बाबागाडी कलती करून एसीच्या थेट झोतापासून बाजूला. बाळ घामाने ओलं असेल तर आधी पंच्यानं पुसून झबलं बदला.

कर्वेनगरी
म्हणजे बाबागाडी न्यायची. ऊन लागू नये म्हणून वरून ओली ओढणी टाकायचा विचार आहे.

घाटमाथा
नका टाकू. कोरड्या हवेत उघड्या खिडकीला ओला पडदा लावतात तो हिशोब इथे चालत नाही. बाबागाडीवर चारी बाजूंनी कापड टाकलं की आत वारा खेळत नाही, बाळाच्या अंगाची गरमी आणि श्वासाची वाफ आतच राहते. बाहेर 36 असेल तर आत त्याहून जास्त होतं, आणि बाळ दिसतही नाही. गाडीचंच छत पुढे ओढा, क्लिपवाली छत्री लावा, पुढची बाजू मोकळी ठेवा. पाठीमागचं कापड जाळीचं असेल तर उत्तम, जाड फोमची गादी काढून सुती चादर घाला. आणखी एक : बाबागाडीतलं मूल जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतं, तापलेल्या फरशीची धग त्याला तुमच्यापेक्षा जास्त लागते. उभं राहायचं तर गवताच्या किंवा मातीच्या कडेला राहा.

पुढे बांधून घ्यायची कापडी झोळी दुपारी टाळा. दोघांचं अंग एकमेकांना तापवतं.

छोटा बॅटरीचा पंखा कामाचा, पण कोरड्या अंगावर नाही. हवा 35 च्या वर गेली की तो गरम वाराच मारतो. स्प्रेच्या बाटलीने हात, मान, पाय ओले करायचे आणि मग पंखा. दमट हवेत पाणी आपणहून वाळत नाही, वाऱ्याने थोडं वाळतं.

चिंचेचा_कोळ
कपड्यांबद्दल. सैल सुती, फिका रंग, अर्धी बाही चालेल पण खांदे झाकलेले. कॉलर असेल तर मान वाचते. टोपी रुंद काठाची, सगळीकडून काठ असलेली. क्रिकेटवाल्या टोपीने कान आणि मान उघडी राहते. पायात बंद बूट-मोजे नकोत, फ्लोटर घाला. अनवाणी तर मुळीच नाही. घसरगुंडी, झोका, रबराची चटई यांना आधी हाताची मागची बाजू पाच सेकंद लावून बघायची. आपल्याला धरवत नसेल तर मुलाची मांडी त्यावर टेकवायची नाही.

सनस्क्रीन सहा महिन्यांवरच्यांना चालतं. एसपीएफ 30 किंवा वर, बाहेर पडायच्या वीस मिनिटं आधी, नंतर दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर लगेच. गाल सगळेच माखतात. राहतात ते कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग. घामोळं असेल तिथे पावडर थापू नका. घामात तिचा चिखल होतो आणि मांडीच्या वळीत घासत राहतो. साध्या पाण्याने धुऊन कोरडं करणं पुरतं.

पाणकोंबडी
वॉटर पार्कही आहे तिथे. उन्हात तोच बरा ना?

सहल_मंत्री
त्याचं तिकीट वेगळं, आणि एकाच दिवसात दोन्ही करायचा मोह लहान मुलांसोबत नको. फक्त वॉटर पार्क करायचा असेल तर जरूर, पण त्याचेही नियम आहेत. सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, बहुतेक वॉटर पार्कमध्ये नायलॉन किंवा लायक्राचा आग्रह असतो. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात म्हणून. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखाच घ्या, पाठ भाजत नाही. घरूनच न्या, दारात भाड्याचे मिळतात पण लहान मापाचे मिळतीलच असं नाही.

पाण्याचा डायपर वेगळा असतो. नेहमीचा डायपर तलावात फुगतो, फाटतो आणि आतले जेलचे दाणे पाण्यात पसरतात. पोहण्याचा डायपर फक्त शी अडवतो, शू अडवत नाही, म्हणून तो पाण्यात उतरण्याच्या अगदी आधी घालायचा. जांघेत ओलं नायलॉन घासू नये म्हणून व्हॅसलीनचा पातळ हात.

बाळगुटी
आणि पाण्यात असलेल्या मुलालाही पाणी प्यायला द्या. अंग थंड लागतं म्हणून तहान कळत नाही, घाम मात्र जातच असतो. ओठ निळसर दिसले किंवा कुडकुडू लागलं की बाहेर, पंच्यात गुंडाळून सावलीत. ओल्या कपड्यांत थेट एसी हॉलमध्ये नेऊ नका.

कर्वेनगरी
घाटाचं सांगा. मुलीला गाडी लागते. एव्होमिन द्यावी का?

बाळगुटी
एव्होमिनमधलं औषध प्रोमेथाझिन. दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, म्हणजे धाकट्याचा प्रश्न मिटला. मुलीच्या बाबतीत तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, पण विचारताना "दिवसभर उन्हात असणार आहोत" हे आवर्जून सांगा. हे औषध झोप आणतं आणि घामही कमी करतं. दमट उन्हाळ्यात घाम कमी करणारी गोळी देऊन मुलाला उघड्यावर फिरवणं बरं नव्हे, शिवाय मूल गुंगीत आहे ते गोळीने की उष्णतेने, हे कळेनासं होतं.

औषधाविना बरंच होतं. निघण्याच्या तासभर आधी कोरडं, हलकं खाणं : खाकरा, इडली, गूळपोळीचा तुकडा. ग्लासभर दूध पिऊन निघायचं नाही. लोणावळ्याच्या अलीकडे थांबून पाय मोकळे करा, पाच घोट पाणी. घाटात काच थोडी खाली, फोन-टॅब बंद, नजर समोर. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने ओआरएस. आणि मग पार्कातला पहिला तास गोल फिरणाऱ्या राइडचा नको.

चिंचेचा_कोळ
खाण्याबद्दल एक. बाहेरचे खाद्यपदार्थ दारात अडवतात, बाळाचं खाणं आणि औषधं सहसा सोडतात. तिकिटासोबतचे नियम वाचून घ्या आणि बाळाचा डबा वेगळ्या पिशवीत वर ठेवा, म्हणजे तपासणीत अख्खी बॅग उपसावी लागत नाही. दहीभात न्यायचा मोह होतो, पण 32 अंशांच्या वर शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. थंड पिशवीत बर्फाची बाटली असेल तरच. बर्फाची बाटली तीन चतुर्थांशच भरून आडवी गोठवा, काठोकाठ भरली तर फुटते. नाचणीचं किंवा तांदळाचं भाजलेलं पीठ नेऊन थर्मासमधल्या गरम पाण्यात तिथेच कालवणं सगळ्यात सुरक्षित. राजगिऱ्याचा लाडू, केळं. परतीच्या रस्त्यावरच्या गाड्यावरचं कापलेलं कलिंगड नको.

कर्वेनगरी
आणि लक्षणं?

बाळगुटी
दोन पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली : मूल चिडचिडं किंवा गप्प, चेहरा लाल किंवा फिका, डोकं दुखतंय, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम. लगेच एसीत किंवा छपराखाली, कपडे सैल, अंग ओलं करून वारा, थोडं-थोडं ओआरएस. अर्ध्या तासात तरतरी आली नाही तर दिवस संपला असं समजून डॉक्टरकडे. बाळाला सहा तासांत शू झाली नसेल, किंवा झाली ती गडद पिवळी असेल, तर तीही हीच पायरी. डायपर सगळं शोषतो म्हणून वरून कोरडा वाटतो, हातात घेऊन वजन बघा. शंका असेल तर एकदा लंगोट बांधा.

दुसरी : मूल गुंगीत, असंबद्ध बोलतंय, तोल जातोय, झटका आला, अंग चटका बसेल इतकं गरम. ताप 40 किंवा वर. हा उष्माघात. कातडी कोरडीच असेल असं नाही, खेळणाऱ्या मुलाला घामही असू शकतो. कपडे काढा, नळाचं थंड पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहा, सतत वारा घाला, काखेत-मानेला-जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. तोंडाने काहीही द्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल. पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही, ह्या तापावर ते चालत नाही. जवळच्या कर्मचाऱ्याला प्रथमोपचार केंद्राला कळवायला सांगा, 108 ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. इथे आधी थंड करणं, मग नेणं.

घाटमाथा
सासूसासऱ्यांना रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्यांचं पाणी किती हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. अशी गोळी घेणाऱ्यांना उन्हात चक्कर लवकर येते.

सहल_मंत्री
राहिलेलं. गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी तापते, म्हणून "पाचच मिनिटं" म्हणूनही मूल आत ठेवायचं नाही. निघताना चारी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, एसी लावा, मगच मुलं आत. सीटच्या पट्ट्याचं धातूचं बक्कल हाताने तपासा. सकाळीच मुलांच्या सीटवर पांढरी चादर टाकून ठेवलीत तर बरंच वाचतं.

हरवण्याबद्दल : पेनाने हातावर नंबर लिहिला तर घामाने तासाभरात जातो. कागदावर लिहून, चिकटपट्टीत गुंडाळून खिशाला पिनेने लावा. आत शिरताना मुलांचा पूर्ण कपड्यांसह फोटो काढा.

खडूस_पेठकर
एवढी तयारी करून पाटणला धरण बांधता येईल. पण मुद्दे सगळे बरोबर आहेत. पुढच्या वेळी मूल लहान असेल तर गावातच बघा : निगडीचं अप्पूघर संध्याकाळी, सारसबागेजवळचा पेशवे पार्क सकाळी. कात्रजचं प्राणिसंग्रहालय उघडल्या उघडल्या. तिथे झाडी आहे, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, कंटाळा आला तर अर्ध्या तासात घरी. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.

कर्वेनगरी
छान. ओआरएसची छोटी पाकिटं, क्लिपची छत्री, स्प्रेची बाटली आज आणते. एव्होमिनचं डॉक्टरांना विचारते. झोळी रद्द, ओढणी रद्द. एकच : परतीला किती वाजता निघावं?

सहल_मंत्री
संध्याकाळच्या गर्दीसोबत सगळे एकदम पार्किंगमध्ये येतात. मुलं दमली असतील तर अंधार पडायच्या आधी अर्धा तास निघा, नाहीतर आत जेवून मुलांना रात्रीचे कपडे घालून सावकाश निघा, म्हणजे घाटात झोपलेलीच असतात. झोपण्याआधी दोघांनाही पाणी पाजा आणि डायपर बदलून घ्या.